प्रकल्प अर्ध्यावर आलाय? अहवाल नंतर, आधी वही उघडा



उमरखेडला एका प्रशिक्षणानंतर चहा घेताना एका ताईंनी मला बाजूला घेतलं. तालुक्यातल्या वीस दिव्यांग लोकांसाठी दोन वर्षांचा एक छोटा रोजगार प्रकल्प त्या सांभाळतात. एक वर्ष संपलं होतं. म्हणाल्या, "सर, मध्यावधी आढावा द्यायचाय. मशिनी वाटल्या, शेळ्या दिल्या, ट्रेनिंग झालं, फोटो पण आहेत. आणखी काय लिहू?"

मी म्हटलं, "ताई, एवढ्यात काहीच लिहू नका. आधी वीसही घरं फिरून या. जाताना फक्त एक वही न्या."

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून तो विषय इथे सविस्तर घेतोय. तुम्ही म्हणाल, आम्हाला धंदा करायचाय, प्रकल्पाशी आमचा काय संबंध? संबंध आहे. तुमच्यापैकी बरेच जण बचत गटातून, एखाद्या संस्थेच्या मदतीने किंवा सरकारी योजनेतून सुरुवात करणार आहात. काही जण स्वतः दिव्यांग आहात, काहींच्या घरात भाऊ, बहीण, मुलगा आहे. तुमचा आढावा कोणीतरी घेणारच आहे. तो कसा घ्यायचा हे तुम्हालाच माहीत असेल, तर उरलेल्या काळात तुम्ही तुमचं मागून घेऊ शकता. प्रकल्प संपल्यावर घेतलेला आढावा फाइलीत जातो. मधल्या आढाव्याचं मोल हे, की निम्मा पैसा आणि निम्मा वेळ अजून हातात असतो. चुकलेलं बदलता येतं.

(खाली हिशोबाचे जे आकडे दिलेत ते समजावण्यासाठी धरलेले आहेत, कोणा एका माणसाचे नाहीत.)

"किती वाटलं" हा प्रश्न सोडा

वीसपैकी वीस जणांना साहित्य मिळालं, हे वाक्य खरं असतं आणि बिनकामाचं असतं. त्यातून प्रकल्पाने खरेदी केली एवढंच कळतं. धंदा चाललाय की नाही, हे कुठे कळतं?

उदाहरण घ्या. एका ताईंना पोलिओमुळे एका पायात जोर नाही. प्रकल्पाने त्यांना मोटर लावलेलं शिलाई मशीन दिलं. ही निवड चांगली, कारण पाय मारावा लागत नाही. बसस्टँडजवळ एक खोली भाड्याने घेऊन दिली, भाडं प्रकल्प भरतो. अहवालात लिहिलंय, "मासिक उत्पन्न ६,००० रुपये." सगळे खूश.

आता वही उघडा. ६,००० ही शिलाईची जमा झाली, कमाई नव्हे. दोरा, बटणं, कॅनव्हास ७०० रुपये. वीज २५०. घरून दुकानात येण्या-जाण्याचा ऑटो ९००. उरले ४,१५०. इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. पण खोलीचं १,५०० रुपये भाडं आज प्रकल्प भरतोय, वर्षभराने कोण भरणार? ते वजा करा, उरले २,६५०. मशीन कधीतरी दुरुस्तीला येणार, नवी मोटर लागणार, त्यासाठी महिन्याला ३०० बाजूला. राहिले २,३५०. महिन्यात २२ दिवस काम केलं, तर दिवसाला साधारण १०७ रुपये.

हा या धंद्याचा खरा आकडा. तो बघून ताईंना नापास करायचं नाही. त्यातून सुचतं काय ते बघायचं. तेच मशीन घरी नेलं तर? भाडं आणि ऑटो मिळून २,४०० रुपये वाचतात. गिऱ्हाईक कमी होईल, समजा जमा ५,००० वर आली. कपडे गोळा करून आणणाऱ्या शेजारणीला दहा टक्के म्हणजे ५०० दिले. दोरा-बटणं ६००, वीज २५०, दुरुस्तीचे ३००. हातात ३,३५०, म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर. जमा कमी झाली आणि कमाई वाढली. हे कागदावर दहा मिनिटांत कळतं, फक्त कोणीतरी मांडावं लागतं. अर्थात ताईंना घरात बसायचं नसेल, चार लोकांत दुकान हवं असेल, तर तो निर्णय त्यांचा. मग जमा कशी वाढेल यावर बोलायचं. घरी बसवणं हे दिव्यांग माणसाच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होऊ नये. ते आधीच फार झालंय.

त्या ९०० रुपयांच्या ऑटोकडे परत एकदा बघा. पायाने धड असलेली शिंपीण हाच रस्ता चालत आली असती. दिव्यांगत्वाचा स्वतःचा एक खर्च असतो: ऑटो, सोबतीला माणूस, कानाच्या यंत्राचे सेल, व्हीलचेअरची दुरुस्ती. बहुतेक हिशोबांत हा खर्च दिसतच नाही, कारण तो घरातलं कोणीतरी निमूटपणे करतं. भाचा रोज सोडायला येतो, त्याचा अर्धा दिवस जातो. तो उद्या पुण्याला कामाला गेला की दुकान बंद! म्हणून वहीत या खर्चाला वेगळा रकाना करा. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, ती सगळे घेतात का हेही विचारा. कार्ड नसल्यामुळे पूर्ण तिकीट काढणारी माणसं तुम्हाला भेटतील.

पैसा कोणाच्या हातात आहे?

माझ्या मते आढाव्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि नेमका हाच सभेत विचारून चालत नाही.

तुम्ही घरी जाता. मुलगा कर्णबधिर आहे, त्याच्या नावावर झेरॉक्स मशीन आहे. दारात मोठा भाऊ भेटतो, खुर्ची देतो, चहा सांगतो आणि सगळी उत्तरंही तोच देतो. "चांगलं चाललंय सर, काही अडचण नाही." मुलगा मागे उभा राहून हसतोय. आढावा झाला?

झाला नाही. खुणांची भाषा येणारं माणूस बरोबर न्या. ते मिळालं नाही तर लिहून, मोबाइलवर टाइप करून, चित्र काढून, पण त्याच्याशीच बोला. त्याला लिहिता येत नसेल तर गल्ला दाखवायला सांगा. आज किती जमा झाले ते नोटा मांडून दाखवू दे. पासबुक कोणाकडे असतं? क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा चिकटवलाय? फोनपेचा पिन कोणाला माहीत आहे? महिन्यात स्वतःच्या मनाने त्याने एक तरी वस्तू घेतली का? या चार प्रश्नांत खरं काय ते कळतं.

घरच्यांना खलनायक ठरवू नका. भाऊ पहाटे उठून कागदाचे रीम आणतो, वीज गेली तर धावतो, त्याची मेहनत खरी आहे. पण मग धंदा दोघांचा आहे असं लिहा, वाटणी ठरवा, मुलाचा वाटा त्याच्या खात्यात जाऊ द्या. प्रकल्प ज्याच्या नावाने आला, तो स्वतःच्याच दुकानात बिनपगारी नोकर होतोय का, हे आढावा घेणाऱ्याने बघायलाच हवं. मतिमंदत्व असलेल्या मुलामुलींच्या बाबतीत तर दुप्पट काळजीने.

उत्पन्न कमी सांगतात, कारण

याउलटही होतं. घरात नवीन फ्रिज दिसतोय, दुकानात माल भरलाय, आणि माणूस सांगतो, "काही सुटत नाही सर." तुम्हाला वाटतं खोटं बोलतोय. तो घाबरलाय!

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत त्याला दरमहा पैसे मिळतात. त्या योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे. धंदा वाढला, तुम्ही अहवालात आकडा लिहिला आणि उद्या अनुदान बंद झालं तर? धंद्याचा भरवसा नाही, अनुदान दर महिन्याला खात्यात पडतं. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

लपवा असं मी सांगणार नाही. पण आधी तहसीलमधल्या संजय गांधी योजना शाखेत जाऊन अट नीट समजून घ्या. मग त्या माणसासोबत बसून हिशोब करा, की कमाई कुठल्या आकड्यापर्यंत आणि किती महिने टिकली तर अनुदानाशिवाय घर चालेल. प्रकल्पाचं उद्दिष्ट त्या आकड्याच्या पुढचं असायला हवं. अनुदान जाईल एवढी कमाई झाली आणि घर चालेल एवढी झाली नाही, अशा मध्येच आपण माणसाला सोडलं, तर मदतीच्या नावाखाली त्याचं नुकसानच केलं.

कोणत्या महिन्यात गेलात?

उमरखेडला हळद आहे, कापूस आहे, सोयाबीन आहे. पोफाळीच्या कारखान्यामुळे ऊस आहे. इथला पैसा बारा महिने सारखा वाहत नाही. सोयाबीन-कापूस विकल्यावर दिवाळीच्या पुढेमागे गावात नोटा फिरतात. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात जाईपर्यंत उन्हाळा लागतो. पोळ्याच्या आधी, फवारणीच्या दिवसांत किराणा दुकानदाराची उधारीची वही फुगलेली असते.

म्हणून ऑगस्टमध्ये घेतलेला आढावा रडका निघतो आणि नोव्हेंबरमधला हसरा. दोन्ही अर्धवट. एका भेटीवर "धंदा बुडाला" किंवा "धंदा जमला" असं लिहू नका, मागच्या बारा महिन्यांचं विचारा. तारखा आठवत नसतील तर सणांवरून विचारा: अक्षय्य तृतीयेला किती, पोळ्याला किती, दिवाळीला किती, संक्रांतीला किती. लोकांना बरोबर आठवतं.

हळद पावडरचा धंदा असेल तर आणखी एक बघा. मालाचा भाव कमी असताना कच्ची हळद घेऊन ठेवायला भांडवल होतं का? शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आसपास एवढं नाव असलेला माल आहे, आणि प्रकल्पातला माणूस मात्र दर आठवड्याला पाच किलो हळकुंड किरकोळीत घेऊन दळतो. मग सुटणार काय? इथे दुसरं मशीन देऊन उपयोग नाही. हंगामात लागणारं खेळतं भांडवल हवं. निम्मा निधी शिल्लक आहे तोवर हा बदल होऊ शकतो.

शेळ्यांचं काय झालं

शेळीबद्दल थोडं कडक बोलतो. रोजगार प्रकल्प म्हटलं की शेळ्या, हे समीकरण झालंय. शेळी चांगलीच आहे. पण ज्याला चालायला त्रास होतो, त्याला चरायच्या चार शेळ्या देणं हा कुठला विचार? चारायला कोणाला तरी घरातलं जावं लागणार, किंवा शेळ्या बांधून चारा विकत घ्यावा लागणार. बांधून पाळायच्या तर गोठा, चाऱ्याचा तुकडा, पाणी, सगळं आधी मोजायला हवं होतं.

दोन शेळ्या मेल्या असतील, तर "नवीन द्या" असं लगेच लिहू नका. पीपीआरची लस दिली होती का? पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची दिली का? विम्याचा बिल्ला कानात होता का? नसेल तर नवीन शेळीही मरेल. लस आणि विमा होऊनही माणसाला ते काम झेपतच नसेल, तर धंदा बदला. अर्ध्यावर धंदा बदलणं यात कमीपणा नाही. हट्टाने चालवत राहणं जास्त महाग पडतं.

काम माणसाला जुळलं की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण महाबळेश्वरचे भावेश भाटिया. दृष्टी गेल्यावर मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या बनवायला शिकले. १९९४ मध्ये महाबळेश्वरच्या बाजारात भाड्याच्या हातगाडीवर विकायला लागले. गाडीचं भाडं दिवसाला ५० रुपये. त्यातूनही ते रोज २५ रुपये दुसऱ्या दिवसाच्या मालासाठी बाजूला ठेवत. आज त्यांच्या सनराइज कँडल्समध्ये मोठ्या संख्येने दृष्टिहीन लोक काम करतात. मला त्या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते २५ रुपये. त्यांचा आढावा रोज संध्याकाळी व्हायचा. उद्याचं मेण सुटलं की नाही, एवढाच प्रश्न. तुमच्या प्रकल्पातल्या वीस जणांपैकी किती जणांकडे उद्याच्या मालाचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत, हे मोजा. तो आकडा अहवालात सगळ्यात वर लिहा.

मुंबईतलंच दुसरं, मिरॅकल कुरिअर्स. तिथे कर्णबधिर तरुण पाकिटं पोहोचवतात. पत्ता वाचायचा, रस्ता शोधायचा, सही घ्यायची. ऐकण्यावाचून अडतं कुठे? आधी काम बघितलं, मग माणूस जोडला.

जे यादीत नाहीत त्यांच्याकडे जा

वीसपैकी सोळा जण चालू आहेत, चार सोडून गेले. सगळे आढावे त्या सोळांचे होतात. तुम्ही चौघांकडे आधी जा. धंदा का सोडला ते चौघंच नीट सांगतील, कारण त्यांना आता तुमच्याकडून काही नकोय.

मग सुरुवातीलाच कोण आलं नाही ते बघा. तालुक्याच्या नकाशावर वीस घरं टिंबांनी दाखवा. बहुतेक टिंबं शहरात, मुळावा, ढाणकी, विडूळ अशा रस्त्यावरच्या गावांत पडतील. पैनगंगेच्या बाजूला, अभयारण्यालगतच्या बंदी भागात किती? गाड्या कमी, रेंज कमी, तिथून बैठकीला येणार कोण? बायका किती? २०११ च्या जनगणनेत देशातल्या दिव्यांग पुरुषांपैकी ४७ टक्के काम करत होते, बायकांपैकी फक्त २३ टक्के. तुमच्या वीसमध्ये बायका पाच असतील, तर तुम्हीही तीच दरी पुढे चालवताय.

प्रमाणपत्राचंही विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले, पण बऱ्याच योजनांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला लागतोच. यवतमाळ इथून शंभर किलोमीटरहून लांब. बोलावलेल्या दिवशी तपासणी झाली नाही, तर परत तीच खेप. दाखल्यावाचून अडलेल्यांसाठी एक दिवस एक गाडी करणं, हा उरलेल्या निधीतला उत्तम खर्च ठरू शकतो.

उरलेल्या वर्षात कुठे हात घालायचा

प्रकल्प जाणार हे धरूनच चला. त्याच्या जागी काय उभं राहील?

एक म्हणजे गट. उमेदमध्ये बचत गटाला साधारण दहा जण लागतात, पण दिव्यांगांचा गट पाच जणांचाही होतो आणि त्यात पुरुषही चालतात. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. ढाणकीच्या पाच जणांचा गट आज सुरू केला, तर प्रकल्प संपेपर्यंत वर्षभराचा व्यवहार त्यांच्या वहीत असेल आणि बँकेसमोर ती वही बोलेल.

दुसरं म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, आपला पीएमईजीपी. दिव्यांग अर्जदाराला स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात, अनुदान ग्रामीण भागात ३५ आणि शहरी भागात २५ टक्के. पण दोन गोष्टी आधीच समजून घ्या. अनुदान तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, ते हातात येत नाही. आणि ही योजना नव्या उद्योगाला आहे. आधीच चालू असलेल्या किंवा दुसरं सरकारी अनुदान घेतलेल्या उद्योगाला मिळत नाही. प्रकल्पाच्या घाईत कोणाच्या तरी नावावर छोटं अनुदान घेऊन ठेवलं, तर मोठा दरवाजा बंद होऊ शकतो. आढाव्यात प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, आधी काय घेतलंय.

तिसरं, गावपातळीवर. ग्रामपंचायत आणि नगर परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हा विषय निघाला का, एखाद्या गाळ्याची मागणी लेखी गेली का? राज्याच्या योजनेतून फिरत्या दुकानासाठी ई-वाहन मिळालेलं असेल, तर चार्जिंग कुठे होतं आणि बिघडलं तर जवळचा मेकॅनिक कोण, हे दोन प्रश्न विसरू नका. बंद पडलेली गाडी अहवालात "वाटप पूर्ण" याच रकान्यात असते.

त्या ताई तीन आठवडे फिरल्या. परत फोन आला तेव्हा म्हणाल्या, "सर, सहा जणांचं बरोबर चाललंय, सात जणांचं बदलावं लागतंय, बाकीच्यांचं मला अजून नीट कळलंच नाही. असं लिहिलं तर चालेल का?" मी म्हटलं, असंच लिहा. फक्त वरती पाठवायच्या आधी वीसही जणांना एकत्र बसवून ते वाचून दाखवा, खुणांची भाषा येणारं माणूस सोबत घेऊन. कोणी म्हणालं "हे चुकलंय", तर तिथेच दुरुस्त करा.

वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत फळ्यावर काढून दाखवतो. तोपर्यंत साधी दोनशे पानी घ्या आणि रकाने आखून ठेवा: जमा, माल, दिव्यांगत्वाचा खर्च, आज प्रकल्प भरतोय तो खर्च, उद्याच्या मालासाठी बाजूला, आणि शेवटचा, पैसा कोणाच्या हातात.